पाव टनाचा ट्रक

मनिला हे नाव वसईच्या ख्रिस्ती घरांना परके नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, व्यापारानिमित्त पूर्वेकडील बंदरांत वावरले आणि मनिला येथेच फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. तेथून ते 1593 साली दुभाषे म्हणून जपानला गेले व 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रूसावर रक्तसाक्षी झाले. इंट्रामुरोस हे त्यांच्या काळचे तटबंद मनिला. साडेतीनशे वर्षांनंतर, 1945 सालच्या फेब्रुवारीत, ते जवळजवळ नाहीसे झाले. जपानी फौज माघार घेईना, अमेरिकन तोफा थांबेनात. 3 फेब्रुवारी ते 3 मार्च या एका महिन्यात सुमारे 1 लाख नागरिक मृत्युमुखी पडले. तटबंदीच्या आतील सात चर्चपैकी एकटे सान आगुस्तिन उभे राहिले. शहराची ट्राम उद्ध्वस्त झाली आणि ती पुन्हा कधीच सुरू झाली नाही.

या राखेतून जे वाहन निघाले, त्याचा इतिहास आम्ही येथे सांगत आहोत. जगभर ते 'जीपनी' या नावाने ओळखले जाते. पर्यटकांच्या पत्रिकांत त्याची रंगीबेरंगी छायाचित्रे असतात, आणि तेवढ्यावरच बहुतेकांचा त्याच्याशी परिचय संपतो. परंतु रंग हा या वाहनाचा अगदी वरचा थर आहे. त्याच्याखाली पत्रा आहे, पत्र्याखाली चासी आहे, आणि चासीवर गेल्या ऐंशी वर्षांत तीनदा-चारदा बदललेले इंजिन आहे. ज्या सैनिकी गाडीपासून आरंभ झाला, तिचा एक खिळाही बहुधा आता शिल्लक नाही; तरी तिची आकृती मात्र कोणी सोडली नाही.

मूळची जीप ही अमेरिकन सैन्याच्या दप्तरी 'ट्रक' होती. 'ट्रक, पाव टन, चार बाय चार' अशी तिची अधिकृत नोंद. चार सिलिंडरांचे 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन, 60 अश्वशक्ती, पुढच्या व मागच्या चाकांमध्ये 80 इंचांचे अंतर, आणि वाहून न्यायचा भार पाव टन, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्धकाळात अशा 6 लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. गाडी साधी होती. थोडीफार अक्कल आणि पान्यांची एक पिशवी असलेला कोणीही तिला उघडून पुन्हा जोडू शकत असे. सैन्याने ती तशी मुद्दाम मागून घेतली होती; गरिबांना तिचा उपयोग होईल हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

युद्ध संपले तेव्हा फिलिपाईन्सच्या बेटांवर अमेरिकन सामानाचे डोंगर पडून होते. ते परत न्यायचे तर जहाजाचे भाडेच मालाच्या किमतीपेक्षा अधिक झाले असते. 1946 सालच्या पुनर्वसन कायद्यान्वये अमेरिकेने 10 कोटी डॉलर किमतीचा असा शिल्लक माल फिलिपाईन्स सरकारला दिला. त्याच वर्षी 4 जुलैला तो देश स्वतंत्र झाला. नवे सरकार, मोडका देश आणि कुंपणाआड ठेवलेला एवढा माल: डेपोंतून सामान पसार होऊ लागले आणि त्याची बरीच बोंबाबोंब झाली, यात नवल नाही. आपल्याकडेही युद्धानंतर 'डिस्पोजलचा माल' हा शब्द बाजारात रुळला, आणि 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे जीपच्या जुळणीस प्रारंभ झाला. मात्र आपली जीप सरकारी अधिकाऱ्यांची, पोलिसांची आणि निवडणुकीतील उमेदवारांची गाडी झाली. मनिलात ती सर्वांची झाली, कारण तेथे दुसरे काही उरलेच नव्हते.

युद्धापूर्वी मनिलात 'ऑटो कालेसा' म्हणून लहान भाडोत्री मोटारी चालत. घोड्याच्या टांग्याला तेथे कालेसा म्हणतात. त्याचे काम करणारी मोटार ती ऑटो कालेसा. ठरलेल्या रस्त्याने जाणाऱ्या व वाटेत माणसे घेणाऱ्या मोटारीला अमेरिकन बोलीत 'जिटनी' असा शब्द होता. जीप आणि जिटनी यांच्या संयोगातून 'जीपनी' झाली. पहिल्या कारागिरांनी केले ते एवढेच की, मागची जागा मोकळी करून समोरासमोर दोन बाकडी ठोकली, वर पत्र्याचा टप चढवला, आणि उतारूंना मागून चढण्याची वाट ठेवली. थोड्याच दिवसांत ही जागाही अपुरी पडू लागली. मग चासी मधोमध कापून, लोखंडी पट्ट्यांचे जोड देऊन लांब केली गेली. चासी लांबली की चाकांकडे फिरकी नेणारा दांडाही लांबवावा लागतो, आणि तो फार लांबला की थरथरू लागतो, म्हणून मध्ये बेअरिंगचा आधार द्यावा लागतो. मागच्या चाकांवर भार वाढतो, म्हणून पाटे वाढवावे लागतात. ब्रेक मात्र पाव टनाच्या हिशेबाचेच राहून चालत नाही. हे सारे कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने शिकविले नव्हते. एक गाडी उतारावर बिघडली की दुसरीत सुधारणा होई. अशा शिक्षणाची किंमत कोणीतरी मोजलेली असते, हेही विसरता येत नाही.

या कारागिरीचे माहेर म्हणजे मनिलाच्या दक्षिणेचे लास पिन्यास. येथील संत जोसेफ चर्चमध्ये बांबूचा ऑर्गन आहे. फादर दिएगो सेरा यांनी तो 1824 साली पूर्ण केला. त्याच्या 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या आहेत. धातू दुर्मीळ, बांबू मुबलक, तेव्हा बांबूचा ऑर्गन! 1953 साली याच गावात लिओनार्दो साराओ या एकेकाळच्या टांगेवाल्याने 700 पेसोंच्या भांडवलावर गॅरेज काढले. जुन्या जीपा संपत आल्या तसे साराओंनी बॉनेटपासून टपापर्यंत सारे काही हातोडी आणि वेल्डिंगच्या जोरावर नव्याने घडविण्यास सुरुवात केली. बॉनेटवर चकचकीत घोड्यांच्या लहान मूर्ती बसविण्याची रीत तेथे रुजली. ती टांग्याची आठवण आहे असे सांगतात. 1964 सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात साराओंची जीपनी फिलिपाईन्सच्या दालनात उभी होती. जिथून पाव टनाचा ट्रक निघाला होता, त्याच देशात तो परदेशी कलावस्तू म्हणून परतला. बांबूचा ऑर्गन 1973 साली दुरुस्तीसाठी जर्मनीला बॉनपर्यंत गेला आणि 1975 साली परत आला. जीपनी मात्र दुरुस्तीसाठी कधी गल्लीच्या पलीकडे गेली नाही.

आता डिझेलचा अध्याय. तो या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत कमी सांगितला जातो.

1973 साली तेलाचे भाव भडकले. फिलिपाईन्सला जवळजवळ सारे तेल बाहेरून आणावे लागे. लांबविलेल्या, माणसांनी खचाखच भरलेल्या गाडीला पेट्रोल इंजिन परवडेनासे झाले. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाच्या मिश्रणाला ठिणगी लागते. त्यासाठी प्लग, डिस्ट्रिब्यूटर, कार्ब्युरेटर असा संसार मांडावा लागतो. मूळ जीपच्या इंजिनात हे मिश्रण जेमतेम साडेसहा पट दाबले जाई. डिझेल इंजिन नुसती हवाच सतरा ते वीस पट दाबते. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. ठिणगी नको, प्लग नकोत. कमी फेऱ्यांतच जोर मिळतो; आणि दर पन्नास पावलांवर थांबून पुन्हा निघणाऱ्या गाडीला नेमका तोच हवा असतो. इंधनही कमी लागते आणि ते स्वस्तही होते.

अशी इंजिने आली जपानहून. इसुझु कंपनीची सी-190, सी-240 आणि पुढे 3.3 लिटरची 4-बीसी-2 ही नावे जीपनीच्या चालकांना आपल्या मुलांच्या नावांइतकी पाठ असतात. ही इंजिने बहुधा नवी नसत. जपानमध्ये ट्रक काही वर्षे चालला की मोडीत निघतो. त्याचे इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सुटे होऊन जहाजाने मनिलात येत. अशा मालाला तेथे 'सरप्लस' म्हणतात. हाच शब्द 1946 साली अमेरिकन सैन्याच्या शिल्लक मालाला लावीत. ज्या दोन राष्ट्रांनी मिळून हे शहर जाळले, त्या दोघांचीही टाकाऊ सामग्री एकाच गाडीत येऊन बसली: आकृती एकाची, काळीज दुसऱ्याचे. इतिहासकारांनी या गोष्टीकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही, असे आम्हांस वाटते.

जपानी काळीज अमेरिकन देहात बसविणे सोपे नव्हते. डिझेल इंजिन जड. त्याने पुढचे पाटे दबतात, म्हणून तेही वाढवायचे. ते थरथरतेही फार, म्हणून ज्या रबरी ठोकळ्यांवर इंजिन बसते ते जाड घ्यायचे आणि चासीला तेथे आडवा दांडा वेल्ड करायचा. रेडिएटर मोठा लागतो. दुसरी अडचण हाताची. फिलिपाईन्समध्ये अमेरिकन सैन्याच्या आगमनाबरोबर 10 मार्च 1945 पासून वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालू लागली. जपानमध्ये ती डावीकडून चालतात. म्हणून जपानी गाडीचे उजवीकडचे सुकाणू काढून डावीकडे आणावे लागे. हे काम इतक्या ठिकाणी, इतक्या बऱ्यावाईट प्रकारे होऊ लागले की 1998 साली उजव्या सुकाणूच्या वाहनांवर कायद्याने बंदी आली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी पूर्वी जीप होती त्यांना आपल्याकडचा प्रकारही आठवत असेल: पेट्रोलची जीप परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसविण्याची लाट येथेही आली होती, आणि कंपन्यांनीही नंतर तोच मार्ग धरला.

इंजिन बसविले म्हणजे झाले असे नाही. पुढची तीस वर्षे त्याला जगवायचे असते. तेथील चालकांमध्ये 'ब्लोबॅगेट्स' असा एक मंत्र आहे. बॅटरी, लाईट, ऑईल, वॉटर, ब्रेक, एअर, गॅस, इंजिन, टूल्स आणि सेल्फ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून तो बनला आहे. सकाळी गाडी काढण्यापूर्वी याच क्रमाने तपासणी करायची. शेवटचे अक्षर 'स्वतः'चे: चालक जागा आहे ना, प्यालेला नाही ना, आजारी नाही ना, हे त्याने स्वतःच पाहायचे. संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेपूर्वी आत्मपरीक्षण करण्याची सवय असलेल्या समाजालाच असे अक्षर सुचू शकते!

डिझेल इंजिनाचे दुखणे ओळखायचे ते धुरावरून. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खात आहे, रिंगा झिजल्या. पांढरा धूर बराच वेळ टिकला तर इंधन नीट पेटत नाही, किंवा पाणी आत शिरते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक आणि हवा कमी: हवेची जाळी तुंबली, नोझल झिजले, नाही तर पंप 'वाढवला'. हा शेवटचा प्रकार फार चालतो. चढावर जोर कमी पडला की मिस्त्रीकडून पंपाचा स्क्रू थोडा फिरवून घ्यायचा. जोर वाढतो आणि मागे काळे ढगही निघतात. खरा उपाय म्हणजे पंप उतरवून बाकावर लावणे, प्रत्येक सिलिंडरला सारखे डिझेल जाते की नाही हे मोजणे आणि नोझल बदलणे. त्याला एक-दोन दिवस लागतात. आणि एक दिवस गाडी उभी राहिली तर काय होते, हे समजण्यासाठी 'बाउंडरी' समजून घ्यावी लागेल.

बहुतेक चालक गाडीचे मालक नसतात. मालकाला रोज ठरलेली रक्कम द्यायची, डिझेल स्वतः भरायचे, आणि उरेल ते आपले. या ठरलेल्या रकमेला 'बाउंडरी' म्हणतात. उतारू मिळोत वा न मिळोत, पाऊस पडो वा संप होवो, रेषा हलत नाही. म्हणून चालक पहाटे चारला निघतो, म्हणून तो रस्त्याच्या मधोमध उतारू घेतो, म्हणून पंप उतरविण्याऐवजी स्क्रू फिरवतो. काळ्या धुराचे मूळ केवळ यंत्रात शोधणाऱ्यांना ते अर्धेच सापडते.

असो. उतारूंविषयी सांगावयास हवे. मागून चढलेला माणूस आपले भाडे शेजाऱ्याच्या हातात देतो. ते हातोहात चालकापर्यंत जाते आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात. कंडक्टरची गरज नसते. समोर आरशाला जपमाळ, काचेवर बाळ येशूचे किंवा पवित्र मरियेचे चित्र, आणि प्रवासावर देवाचा आशीर्वाद मागणारी पाटी. अंतिपोलो येथे शांती व सुखप्रवासाच्या मातेचे मंदिर आहे. तिची मूर्ती 1626 साली मेक्सिकोहून गलबतातून आली आणि पुढे कित्येक वेळा तिने तो महासागर सुखरूप ओलांडला. नव्या गाड्या आशीर्वादासाठी तेथे नेण्याची प्रथा आहे. आणि बुधवारी जीपनींची रीघ लागते ती बाक्लारानला, नित्य साहाय्य मातेच्या नोव्हेनासाठी. तेथील बुधवारचा नोव्हेना 23 जून 1948 रोजी सुरू झाला. माहीमच्या माऊलीचा बुधवारचा नोव्हेना त्याच वर्षी 8 सप्टेंबरला. अवघ्या अकरा आठवड्यांचे अंतर! बुधवारी माहीमला उतरणाऱ्या गर्दीत ज्यांनी धक्के खाल्ले आहेत, त्यांना बाक्लारानच्या फाट्यावरील जीपनींची गर्दी वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

काही गाड्यांवर तगालोग भाषेत 'सौदीचे फळ' अशा अर्थाचे शब्द रंगविलेले असतात. घरचा माणूस वाळवंटात दहा वर्षे राबला, त्या पैशांतून ही जीपनी आली, असा त्याचा अर्थ. आखातातून आलेल्या पैशावर ज्यांची घरे उभी राहिली, त्या आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हे चार अक्षरी आत्मचरित्र वाचता येईल. अशा घराला जीपनी म्हणजे वाहन नव्हे. ती मुलांची फी असते, आईचे औषध असते.

म्हणूनच 2017 सालच्या जून महिन्यात फिलिपाईन्स सरकारने जीपनींच्या आधुनिकीकरणाचा आदेश काढला तेव्हा एवढा क्षोभ झाला. पंधरा वर्षांहून जुनी गाडी बाद. नवी गाडी युरो-4 दर्जाच्या इंजिनाची किंवा विजेवरची. आणि प्रत्येकाने सहकारी संस्थेत वा कंपनीत सामील व्हायचे. हेतूविषयी वाद घालणे कठीण आहे. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2012 साली दिला आहे, आणि काचा नसलेल्या गाडीत दिवसाचे चौदा तास तो धूर पहिल्याने घेतो तो चालकच. प्रश्न खर्चाचा होता. नव्या गाडीची किंमत 24 ते 28 लाख पेसोंपर्यंत गेली. सरकारचे साहाय्य सुरुवातीला 80 हजार आणि पुढे 1 लाख 60 हजार होते. 2020 सालच्या मार्चमध्ये साथीमुळे जीपनी बंद झाल्या, तेव्हा कित्येक चालक रस्त्यावर हात पसरून उभे राहिले. ज्यांच्याजवळ तीन महिन्यांची शिधा नव्हती, त्यांच्याकडून लाखांचे हप्ते अपेक्षिले जात होते. मार्च 2023 मध्ये आठवड्याचा संप पुकारला गेला आणि चर्चेच्या आश्वासनावर तो दोन दिवसांत मागे घेतला गेला. संस्थांत सामील होण्याची मुदत अनेकदा वाढत जाऊन अखेर 30 एप्रिल 2024 रोजी संपली. त्यानंतरही न्यायालयांत, सिनेटमध्ये व रस्त्यावर हा वाद चालूच राहिला.

पोप फ्रान्सिस 18 जानेवारी 2015 रोजी मनिलाच्या लुनेता मैदानावर आले ते जीपनीच्या धर्तीवर बनविलेल्या गाडीतून, भर पावसात, साधा पिवळा रेनकोट घालून. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे पर्यावरणविषयक परिपत्रक प्रसिद्ध झाले आणि त्यात खनिज इंधने लवकर मागे टाकण्याचा आग्रह होता. या दोहोंत विसंगती शोधणारे शोधोत. आमच्या मते जुन्या जीपनीचे गोडवे गाणारे आणि तिला एका आदेशाने भंगारात घालू पाहणारे, दोघेही एकच गोष्ट टाळतात: स्वच्छ हवेचे बिल कोणी भरायचे? आजवर या देशाच्या रस्त्यांवरील वाहतुकीचा भार सरकारने नव्हे, तर टांगेवाल्यांनी, पत्रे ठोकणाऱ्यांनी आणि बाउंडरी भरणाऱ्यांनी उचलला. त्यांनी इतरांनी टाकून दिलेल्यातून वाहन उभे केले, कारण नवे कोणी दिले नाही.

लास पिन्यासच्या साराओ कारखान्यातील मोठे उत्पादन 2000 सालीच थांबले. जुन्या बॉनेटची ठेवण राखून आत युरो-4 इंजिन किंवा बॅटरी बसविलेल्या गाड्या तेथील कारागीर घराण्यांनी पुढे आणल्या आहेत. पण त्यांची संख्या थोडी आहे, आणि बहुतेक नव्या गाड्या म्हणजे परदेशी बनावटीच्या चौकोनी मिनीबस आहेत. बाद झालेल्या जीपनीचा पत्रा भंगारवाला वजनावर नेतो. इंजिन मात्र तो वेगळे काढून ठेवतो, कारण त्याला गिऱ्हाईक असते. बाजूंना बांबूच्या तराफ्या लावलेल्या तेथील मासेमारी होड्यांत अशी जुनी ट्रकची डिझेल इंजिने बसविली जातात. रेडिएटर काढून टाकतात, थंड करण्यासाठी समुद्राचेच पाणी घेतात, गिअरबॉक्सच्या मागे पंख्याचा दांडा जोडतात. नोझल साफ करायला येतो तो बहुधा पूर्वीच्याच गॅरेजमधला मिस्त्री, आणि पंपाचा स्क्रू थोडा फिरवून द्यावा, असा आग्रह नाखवाही त्याला करतो.